सार्वजनिक वाचनालय लोकांच्या कामाचं कसं राहील? (कपाटं, वेळा, नोंदी आणि बरंच काही)

मुक्तद्वार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वाचनालय चालवणारी, ग्रंथालयशास्त्र शिकलेली, कार्यकारिणीवर बसणारी बरीच माणसं इथे आहेत, म्हणून हा धागा. "हल्ली कोणी वाचत नाही" हे गाऱ्हाणं इथे नको, त्यावर धागे भरपूर आहेत. इथे एवढंच बोलू: सार्वजनिक वाचनालय आसपासच्या लोकांच्या खरोखर उपयोगी पडावं यासाठी नेमकं काय करायचं? मोजायचं काय, काढायचं काय, बदलायचं काय?

माझं मत आधीच सांगतो. चर्चा बहुतेक वेळा नव्या गोष्टींपासून सुरू होते: संगणक कक्ष, थ्रीडी प्रिंटर, बसायला रंगीत गाद्या. यात वाईट काही नाही, पण क्रम उलटा आहे. आधी कोण येत नाही आणि त्याला काय अडवतं ते शोधावं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी दोन या कामाला पुरतात: 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' आणि 'वाचकाचा वेळ वाचवा'. एखादी योजना या दोहोंपैकी एकातही बसत नसेल तर ती तूर्त बाजूला ठेवावी.

मोजणीपासून सुरुवात करू. एकूण सभासदसंख्या हा फसवा आकडा आहे, त्यात दहा वर्षांत न फिरकलेलेही असतात. गेल्या १२ महिन्यांत निदान एकदा देवघेव केलेले तेवढेच सक्रिय सभासद धरा. दुसरं, प्रत्येक विभागाचा फेर काढा: वर्षभरातली देवघेव भागिले त्या विभागातली पुस्तकं. मुलांच्या विभागाचा फेर ४ आणि समीक्षेचा ०.१ आला तर जागा आणि खरेदीचा पैसा कुठे वळवायचा ते दिसतं. तिसरं, एका साध्या आठवड्यात आणि एका परीक्षेच्या आठवड्यात दारातून आत येणारी माणसं तासातासाने मोजा. कागदावर रेघा ओढल्या तरी चालतं.

चौथी नोंद सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी ठेवली जाणारी: देवघेवीच्या टेबलावर एक वही, "मागितलं, मिळालं नाही". तारीख, काय मागितलं, आणि पुढे तीनपैकी एक खूण: संग्रहात नाही / आहे पण बाहेर गेलंय / आहे असं दिसतं पण सापडलं नाही. तिसऱ्या खुणा वाढल्या तर दोष खरेदीत नाही, मांडणीत आहे. दुसऱ्या वाढल्या तर जादा प्रती घ्यायच्या. पहिल्या खुणांची यादी म्हणजे पुढच्या खरेदीची निम्मी यादी तयार.

एक नकाशाही करा. सक्रिय सभासदांचे पत्ते (घरक्रमांक नको, गल्ली किंवा वस्ती पुरे) नकाशावर टाचण्यांनी दाखवा. एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला कोरं दिसलं की मधे काय आहे ते पाहा. बहुतेकदा रेल्वेरूळ, मोठा रस्ता किंवा नदी निघते. तिथे लोकांना आवड नाही असं नसतं, वाट नसते.

दाखलनोंद

वहीबद्दल शंभर टक्के सहमत. फक्त ती संगणकावर नेण्याची घाई करू नका. हाताशी उघडी पडलेली वही लिहिली जाते, चार क्लिक मागे असलेला तक्ता लिहिला जात नाही.

मला बोलायचंय ते ग्रंथ बाद करण्याबद्दल. विषय काढला की कपाळावर आठ्या पडतात, पण भरगच्च कपाटात नवं पुस्तक बुडून जातं. ९० सेंमीच्या फळीवर साधारण ३० पुस्तकं मावतात. ठेवावीत २० ते २२. मग बोटाने पुस्तक ओढता येतं, फळीच्या टोकाला एक पुस्तक मुखपृष्ठ दाखवून उभं करता येतं, आणि परत आलेलं पुस्तक कोंबताना शिवण फाटत नाही.

काय काढायचं हे मनाने ठरवू नका. दोन आठवडे असं करा: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं तारीखपत्र (देवघेवीच्या तारखा मारायला आत चिकटवलेला कागद) उघडा आणि त्यावरची आधीची शेवटची तारीख टिपून घ्या. विभागवार ३०० ते ४०० नोंदी पुरतात. आज जाणारं पुस्तक याआधी किती महिन्यांपूर्वी गेलं होतं, या क्रमाने त्या लावा. समजा कादंबऱ्यांत १०० पैकी ९५ पुस्तकं मागच्या ३० महिन्यांत कधीतरी गेलेली निघाली. मग कादंबऱ्यांसाठी ३० महिने ही तुमची सीमारेषा. त्याहून जास्त काळ पडून असलेली पुस्तकं सगळी मिळून मागणीचा फार तर वीसावा हिस्सा भागवतात. मुलांचा विभाग, माहितीपर पुस्तकं, कादंबऱ्या यांच्या रेषा वेगवेगळ्या येतात, एकच लावू नका.

यात दोन ठिकाणी फसगत होते. जुनं तारीखपत्र भरलं म्हणून नवं चिकटवलं की आधीच्या तारखा झाकल्या जातात आणि फिरतं पुस्तक पडीक दिसतं. दुसरं, वाचनालयात बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंदच नसते. त्यासाठी आधी दोन-तीन महिने पाटी लावा, "वाचून झालेलं पुस्तक फळीवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या". आणि फळीवर परत लावताना तारीखपत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब द्या.

तारखेखेरीज दुसरी चाळणी म्हणजे मजकूर आणि अवस्था. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९७६ साली आलेल्या 'क्रू' पद्धतीत सहा प्रश्न आहेत: माहिती दिशाभूल करणारी आहे का, पुस्तक दुरुस्तीपलीकडे गेलंय का, नवी आवृत्ती आली का, क्षुल्लक आहे का, इथल्या वाचकांना गैरलागू आहे का, दुसरीकडून सहज मिळेल का. संगणकाची पुस्तकं तीन वर्षांत तपासायला घ्या, आरोग्याची पाच. औषधांबद्दलचं कालबाह्य पुस्तक फळीवर असणं हे रिकाम्या फळीपेक्षा वाईट, कारण वाचनालयात आहे म्हणून लोक त्यावर भरवसा ठेवतात.

पुढची पायरी लोक विसरतात. दाखल नोंदवहीत (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला जिथे क्रमांक मिळतो ती वही) त्या क्रमांकासमोर लाल शाईने "बाद", तारीख आणि ठराव क्रमांक. शीर्षकपानावर आणि मालकीच्या शिक्क्यावर "बाद" शिक्का. बारकोड काढून टाकायचा, आणि तालिकेतली (वाचक पुस्तक शोधतो त्या यादीतली) नोंद त्याच दिवशी बदलायची. पुस्तक गेलं पण नोंद राहिली तर वाचक नसलेल्या पुस्तकासाठी कपाटं धुंडाळत बसतो. दर वर्षी संग्रहाच्या ३ ते ५ टक्के काढत राहिलात तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पंधरा वर्षं थांबून एकदम ३० टक्के काढाल तर बोभाटा होणारच.

जिल्द

दाखलनोंद, तुमची पद्धत कादंबऱ्यांना आणि पाठ्यपूरक पुस्तकांना ठीक आहे. पण फेर हा एकच काटा लावलात तर वाचनालयाकडे असलेली, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली सामग्री सगळ्यांत आधी बाहेर पडेल. स्थानिक संस्थांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं, बंद पडलेली छोटी नियतकालिकं, लहान मुद्रणालयात छापलेली चरित्रं. वर्षात एकदाही न हलणारी ही चोपडी एखाद्या संशोधकाला किंवा घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला हवी असते, आणि ती त्याला इंटरनेटवर मिळत नाही.

म्हणून बाद करण्याच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक आधी मोठ्या ग्रंथालयांच्या एकत्रित तालिकेत शोधा. आसपास दुसरी प्रत नसेल तर ते बाद करायचं नाही, वेगळ्या कपाटात हलवायचं आणि देवघेवीतून काढून फक्त तिथे बसून वाचायला द्यायचं. कागद किती टिकेल हे पाहायला पानाचा कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडा, मग हलकेच ओढा. दोन घड्यांत तुटला तर कागद ठिसूळ झालाय, ते पुस्तक झेरॉक्स यंत्रावर पालथं दाबायचं नाही. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरते, म्हणून भिंतीपासून कपाट थोडं पुढे ओढून मागून हवा खेळू द्या. सर्वांत खालची फळी जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर हवी. कसर लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांना आठवडाभर गोठवलं की किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी तापमान खोलीइतकं होऊ द्या, नाहीतर पानांवर पाणी धरतं.

दाखलनोंद

@जिल्द, मान्य. स्थानिक सामग्रीला फेराचा नियम लावायचाच नाही, हे माझ्याकडून लिहायचं राहिलं. एकत्रित तालिका पाहण्याची पायरी ठरावातच घालून टाकावी म्हणजे पुढचा माणूस ती गाळणार नाही.

उंबरठा

कपाटांवर चांगलं चाललंय, पण माणूस कपाटापर्यंत पोचतो कधी? मला दाराबद्दल बोलायचंय.

वेळा: बऱ्याच वाचनालयांच्या वेळा कामकरी माणसाच्या कामाच्या तासांवर तंतोतंत बसलेल्या असतात. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात लोकांना विचारलं तेव्हा त्यांना वाचनालय खरेदीच्या वाटेवर हवं होतं आणि सुटीच्या दिवशी उघडं हवं होतं. त्यावरून तिथे जुनी वाचनालयं एकत्र करून 'आयडिया स्टोअर' उभी राहिली, पहिलं २००२ साली, आणि प्रौढांचे शिकवणीवर्ग त्याच इमारतीत आले. इमारत बदलणं सगळ्यांच्या हातात नसतं, वेळ असते. आठवड्याला ४२ तास उघडत असाल तर तास तेवढेच ठेवा, जागा बदला: तासवार मोजणीत ज्या सकाळी दोन-चारच माणसं येतात ती बंद करा आणि ते तास संध्याकाळी व सुटीच्या दिवशी लावा. मात्र सोमवारी एक वेळ, मंगळवारी दुसरी असं करू नका. लोक तक्ता पाठ करत नाहीत, दोनदा बंद दार दिसलं की तिसऱ्यांदा येत नाहीत. नवी वेळ निदान सहा महिने चालवा, तोवर निकाल काढू नका.

नोंदणी: पत्त्याचा पुरावा, दोन छायाचित्रं, जुन्या सभासदाची शिफारस, अनामत. यातली प्रत्येक अट कोणाला तरी बाहेर ठेवते, आणि ज्याला वाचनालयाची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो: भाड्याने राहणारा, नुकताच आलेला, कागदपत्रं नावावर नसलेली बाई. तात्पुरतं कार्ड द्या. नाव आणि फोन एवढ्यावर एका वेळी एक पुस्तक. तीन वेळा वेळेवर परत आलं की पूर्ण कार्ड. एखाद-दुसरं पुस्तक बुडेल, ते खर्चात धरा.

दंड: यावर इथे वाद होईल, तरी लिहितेच. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २०१९ मध्ये आणि न्यू यॉर्कने २०२१ मध्ये विलंबशुल्क बंद केलं. कारण साधं आहे. दंड चढत गेला की माणूस पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही, म्हणजे पुस्तक आणि वाचक दोन्ही गमावले. त्याऐवजी मुदतीच्या तीन दिवस आधी आठवण, मुदतीच्या दिवशी आठवण, सात दिवसांनी पुन्हा. रांगेत कोणी नसेल तर मुदत आपोआप वाढवा. ४५ दिवसांनंतर कार्ड थांबवा आणि पुस्तकाची किंमत लावा. पुस्तक परत आलं की ती रद्द, कार्ड सुरू, प्रश्न विचारायचे नाहीत.

आणि उंबरठा खरोखरचा: उतार १ ला १२, म्हणजे १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांब. दोन कपाटांतली वाट निदान ९० सेंमी, शक्य तर १०७. देवघेवीच्या टेबलाचा एक भाग ८० सेंमी उंचीवर हवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून बोलणाऱ्याला मान वर करावी लागत नाही.

संथवाचक

चर्चा छान चालली आहे. एक शंका. दोन खोल्या आणि एकच कर्मचारी असलेल्या वाचनालयाने यातलं काय आधी करायचं? सगळं वाचून दमायला होतं.

आणि दंडाबद्दल: मागणी जास्त असलेल्या स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांना दंड नसेल तर ती परत येतीलच कशी?

उंबरठा

@संथवाचक, ती घरी द्यायचीच कशाला? प्रत्येक शीर्षकाच्या तीन प्रती घ्या, दोन वाचनालयातच वापरायला, एक घरी न्यायला, तीही सात दिवसांसाठी आणि मुदतवाढीशिवाय. मागणीचं पुस्तक परत आणण्याचं काम दंडापेक्षा रांग चांगलं करते. "तुमच्यानंतर चार जण थांबलेत" असा निरोप पाठवून पाहा.

मुक्तद्वार

@संथवाचक, एकट्या माणसाने पहिल्या महिन्यात फक्त वही आणि तासवार मोजणी करावी. दुसऱ्या महिन्यात दारासमोरचं एकच कपाट रिकामं करून त्यात ४० पुस्तकं मुखपृष्ठ दाखवून लावावीत. रोज संध्याकाळी रिकाम्या झालेल्या जागा भरायच्या, हे दहा मिनिटांचं काम. पुस्तकं निवडताना फक्त नवी घेऊ नका. पाच-सात वर्षांपूर्वीचं चांगलं पण विसरलेलं पुस्तक इथे आलं की हमखास जातं, कारण कण्यावरून ते कोणी ओळखत नव्हतं. बाद करण्याचं काम तिसऱ्या महिन्यापासून, दर आठवड्याला एक कपाट. वेळा बदलणं हा ठरावाचा विषय आहे, त्याला मोजणीचा कागद हातात असल्याशिवाय हात घालू नये.

अक्षरजुळणी

तालिकेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. वाचकाचा वेळ सर्वांत जास्त तिथेच जातो.

'कोहा' ही ग्रंथालयाचं काम संगणकावर चालवणारी मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय न्यासासाठी तयार झाली आणि २००० सालापासून चालू आहे. नोंदी मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण साच्यात राहतात, म्हणून उद्या प्रणाली बदलली तरी नोंदी बरोबर नेता येतात. कोणतीही प्रणाली घ्या, विकत घेण्याआधी एकच चाचणी करा: सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये बाहेर काढून दाखवा म्हणावं. जमलं नाही तर घेऊ नका.

देवनागरी नोंदींची खरी डोकेदुखी जुन्या फॉन्टांची आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात टंकलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरंच असतात, त्यामुळे शोधात काहीच सापडत नाही. रूपांतरक वापरून बदलता येते, पण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. म्हणून रूपांतरानंतर निदान २०० नोंदी डोळ्यांनी तपासा. शोधात ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि लेखकाच्या नावाची वेगवेगळी रूपं येतातच. त्यावर उपाय म्हणजे लेखकनावांची एक प्रमाण यादी: एक रूप मुख्य, बाकीची त्याला जोडलेली. वाचकाने आडनाव आधी टाकलं काय किंवा आद्याक्षरं टाकली काय, तो एकाच ठिकाणी पोचला पाहिजे.

बारकोडची चिकटपट्टी उष्णता-कागदावर छापू नका, दोन-तीन वर्षांत अक्षरं उडतात. रिबन वापरणाऱ्या छपाईयंत्रावर छापा. पट्टी मुखपृष्ठाच्या बाहेर, वरच्या कोपऱ्यात, सगळ्या पुस्तकांवर एकाच जागी लावा. आतल्या पानावर लावली तर पडताळणीच्या वेळी प्रत्येक पुस्तक काढून उघडावं लागतं. आरएफआयडीचा (रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगांचा) मोह लहान वाचनालयांनी टाळावा. १३.५६ मेगाहर्ट्झवरचे हे टॅग धातूच्या फळीला चिकटून असले की नीट वाचले जात नाहीत, आणि दिवसाला शंभर देवघेवी असतील तर बारकोडने काहीही अडत नाही.

पहिलीओळ

बालविभाग. सभासद इथे घडतात, आणि तरी कपाटं मोठ्यांच्या उंचीची!

पाच वर्षांखालच्या मुलांना कणा वाचता येत नाही. त्यांची चित्रपुस्तकं उघड्या खोक्यांत ठेवा, खोक्याचा काठ जमिनीपासून ५० ते ६० सेंमीवर, पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून, मूल चाळत जाईल अशी. एका खोक्यात २५ हून जास्त नकोत. वर्णक्रम लावू नका, तो दहा मिनिटं टिकतो. प्राणी, गाड्या, झोपायच्या वेळच्या गोष्टी असे विषय आणि प्रत्येक खोक्यावर एक चित्र पुरे.

गोष्टीचा तास हा तास नसावाच. २५ मिनिटं, १२ ते १५ मुलं, तीन पुस्तकं. सर्वांत लांब पुस्तक पहिलं, कारण लक्ष तेव्हाच असतं. दोन पुस्तकांच्या मधे हात-पाय हलतील असं गाणं. पुस्तक वाचणाऱ्याच्या तोंडाशेजारी धरायचं, चित्र मुलांकडे. वाचणाऱ्याच्या मागे खिडकी नको, उजेडात चित्र काळं दिसतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: वाचलेल्या पुस्तकाच्या तीन-चार प्रती आणि त्याच विषयाची दहा-बारा पुस्तकं शेजारीच मांडलेली असावीत. गोष्ट संपल्यावरच्या पाच मिनिटांत मूल जे उचलतं ते घरी जातं. मांडणी दुसऱ्या खोलीत असेल तर तो कार्यक्रम छान होतो आणि देवघेव शून्य राहते. सोबत आलेल्या आईबाबांचं कार्ड त्याच वेळी करून द्या.

किशोरांसाठी वेगळी खोली नसली तरी वेगळा कोपरा हवाच, लहान मुलांच्या खोक्यांपासून दूर. तेरा वर्षांचं मूल 'बालविभाग' या पाटीखाली बसत नाही. पुस्तकं निवडायला त्यांच्यातलेच पाच-सहा जण घ्या, त्यांना खरेदीच्या रकमेचा ठरावीक वाटा द्या आणि त्यांची निवड पाळा. विचारायचं आणि मग आपलंच घ्यायचं, हे मुलं एकदाच सहन करतात.

संथवाचक

पुस्तकांपलीकडच्या सेवांचं काय? हेलसिंकीचं 'ओडी' २०१८ मध्ये उघडलं, तिथे शिलाई यंत्रं, थ्रीडी प्रिंटर, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी अवजारंही उसनी देतात. हे सगळं करावं की वाचनालयाने पुस्तकांशीच राहावं?

जिल्द

माझं मत, पुस्तकांशीच राहावं. जागा आणि माणूस मर्यादित असताना ड्रिल मशीन सांभाळणं हे ग्रंथपालाचं काम नाही.

उंबरठा

मी अर्धी सहमत. वस्तू उसन्या देणं चालतं, पण त्यासाठी तीन गोष्टी लागतात आणि त्यांपैकी एक नसली तरी तो विभाग वर्षात मोडतो. प्रत्येक संचाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुट्या भागांचं छायाचित्र आणि यादी. परत घेताना वाचकाच्या समोर मोजणी, नंतर नाही. विजेवर चालणाऱ्या वस्तूची वायर आणि प्लग दर वेळी तपासून तारीख लिहिणं. यातली मोजणी आधी सुटते, मग एक सुटा भाग हरवतो आणि सगळा संच पडून राहतो. सुरुवात बिनविजेच्या वस्तूंनी करा: खेळांचे संच, दुर्बीण, मोजपट्ट्या, भिंग.

मात्र मला यापेक्षा कितीतरी जास्त गरज दिसते ती ऑनलाइन अर्जांच्या मदतीची. आज प्रवेश, नोकरी, दाखले, सगळं ऑनलाइन. ज्याच्याकडे संगणक नाही किंवा सराव नाही त्याला भर दुपारी पंखा, नीट खुर्ची आणि शांतपणे सांगणारं माणूस देणारी जागा दुसरी कुठली आहे? आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा, प्रत्येकाला ३० मिनिटं, आधी नाव नोंदवून. शेजारी स्कॅनर आणि प्रिंटर. नियम काटेकोर हवेत: टंकन वाचक स्वतः करेल, आपण शेजारी बसून बोटाने दाखवायचं. पासवर्ड आणि ओटीपी आपण टंकायचा नाही, विचारायचाही नाही. कायद्याचा किंवा औषधाचा सल्ला द्यायचा नाही, माहिती कुठे आहे ते दाखवायचं. काम संपल्यावर वाचकासमोर सर्व ठिकाणांहून बाहेर पडायचं आणि उतरवून घेतलेल्या फाइली पुसायच्या.

अक्षरजुळणी

@उंबरठा, पुसणं माणसावर सोडू नका. संगणक पुन्हा सुरू केल्यावर मूळ स्थितीत येईल अशी व्यवस्था करा, आणि अर्धा तास हालचाल नसेल तर तो आपोआप पुन्हा सुरू होऊ द्या. लोक घाईत उठून जातात आणि ओळखपत्रांच्या प्रती तशाच पडून राहतात. छपाईचंही तसंच. कागद लगेच बाहेर नको, वाचक टेबलाशी आल्यावर सोडायचा. नाहीतर कोणाचा वैद्यकीय अहवाल कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

देवघेवीचा इतिहासही असाच. पुस्तक परत आलं की कोणी नेलं होतं हा दुवा तोडा, फक्त आकडा ठेवा. ज्याला स्वतःची यादी हवी असेल त्याने तशी निवड करावी. काय वाचतोय याची नोंद कुठेतरी राहते अशी शंका असेल तर आजारपणावरचं, घटस्फोटावरचं, व्यसनमुक्तीवरचं पुस्तक माणूस नेतच नाही.

पहिलीओळ

दिसत नसलेल्या वाचकांसाठीही काहीतरी हवं. २०१३ चा मराकेश करार २०१६ मध्ये अमलात आला. त्यातल्या देशांत अंध आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत प्रकाशकाच्या परवानगीविना करता येते, अर्थात त्या त्या देशाच्या कायद्यातल्या अटींनुसार. वाचनालयाने एका संगणकावर पडदावाचक प्रणाली (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी) बसवून हेडफोन ठेवले आणि एका कर्मचाऱ्याने ती चालवायला शिकून घेतलं तर सुरुवात होते. फक्त पानांचे फोटो काढून पीडीएफ केली तर पडदावाचकाला त्यात काहीच दिसत नाही, अक्षरओळख करून मजकूर काढावाच लागतो. 'टेसरॅक्ट' हे मुक्त साधन मराठी ओळखतं, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका भरपूर येतात, मुद्रितशोधन धरूनच वेळ लावा.

जिल्द

स्कॅनिंगचा विषय निघालाच आहे तर मला सर्वांत जवळचा मुद्दा मांडतो. वाचनालयाला जे करता येतं आणि दुसरं कोणी करत नाही ते म्हणजे त्या जागेची आठवण जमवणं. लोकांनी घरातले जुने फोटो, पत्रं, जमाखर्चाच्या वह्या आणायच्या, तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ वस्तू लगेच परत. वस्तू ठेवून घेऊ नका, त्यातूनच भांडणं होतात.

चार टेबलं लावा. पहिल्यावर नाव आणि संमतिपत्र. दुसऱ्यावर फोटोची माहिती लिहून घेणारा माणूस: कोण, कुठे, साधारण केव्हा, डावीकडून उजवीकडे नावं. तिसऱ्यावर स्कॅनर. चौथ्यावर मूळ वस्तू परत आणि स्कॅनची प्रत. वेळ स्कॅनिंगला लागत नाही, दुसऱ्या टेबलाला लागतो. एका फोटोला पाच ते दहा मिनिटं धरा, म्हणून तिथे दोन-तीन माणसं बसवा. माहिती नसलेला फोटो पुढच्या पिढीला निरुपयोगी, म्हणून गर्दी वाढली तरी हे टेबल गाळायचं नाही. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि हस्ताक्षर तिथेच असतं.

कागदपत्रं ४०० डीपीआयला, पोस्टकार्डाहून लहान फोटो ६०० ला. मूळ फाइल टिफ, दाखवायला जेपेग. स्कॅनरची 'आपोआप सुधारणा' बंद ठेवा, ती पिवळेपणा घालवताना फिकट पेन्सिलीच्या खुणाही खाऊन टाकते. फाइलचं नाव आधीच ठरवा: वर्ष, संग्रह क्रमांक, वस्तू क्रमांक, पुढची की मागची बाजू. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या इमारतीत.

संथवाचक

@जिल्द, संमतिपत्रात काय लिहून घ्यायचं? फोटो आणणारा माणूस मालक असतो पण फोटोतली माणसं वेगळी असतात.

जिल्द

@संथवाचक, म्हणूनच एकच "परवानगी आहे" अशी ओळ पुरत नाही. चार वेगळ्या चौकटी ठेवा: वाचनालयात बसून पाहू देणं, संकेतस्थळावर ठेवणं, प्रदर्शनात किंवा पुस्तकात छापणं, आणि आणणाऱ्याचं नाव द्यायचं की नाही. प्रत्येक चौकटीला हो किंवा नाही. खाली एक ओळ: कधीही कळवल्यास संकेतस्थळावरून काढून टाकू. छायाचित्रकाराचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो नोंदीत उतरवा. फोटोत लहान मुलं असतील आणि फोटो अलीकडचा असेल तर संकेतस्थळावर टाकूच नका. आणि संमतिपत्रावर तोच संग्रह क्रमांक घाला जो फाइलच्या नावात आहे. दोन्ही वेगळे राहिले तर पाच वर्षांनी कोणी फोटो काढायला सांगेल तेव्हा कुठला फोटो त्याचा, हे शोधता येणार नाही.